कप्सचा पेज : पेल्यातून डोकावणारा मासा, त्याचा अर्थ आणि साधनेतले उपयोग

खाडीकाठ

टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायला आणि ध्यानाला वापरतात त्या चित्रपत्त्यांच्या, चर्चांमध्ये डेथ, टॉवर, लव्हर्स या पत्त्यांवर रकानेच्या रकाने भरतात. दरबारी पत्ते मात्र कोपऱ्यात पडून राहतात. ७८ पत्त्यांत ते १६ आहेत, म्हणजे कप्स (पेले), वाँड्स (काठ्या), सोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चारही रंगांत राजा, राणी, नाइट (घोडेस्वार) आणि पेज (पोरसवदा सेवक). वाचनासाठी मांडलेल्या पत्त्यांत त्यातला एखादा आला की 'कोणीतरी माणूस भेटेल' एवढं सांगून पुढे जायची पद्धत पडली आहे. मला हे मनापासून खटकतं. साधनेसाठी या सोळा जणांइतकं जवळचं दुसरं कोणी नाही. त्यांना चेहरा आहे, स्वभाव आहे, त्यांच्याशी बोलता येतं. म्हणून आज एकाच पत्त्याबद्दल सविस्तर लिहिते.

मी वापरते तो रायडर-वेट-स्मिथ संच, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला. मांडणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पामेलाबाईंचा लहानपणचा काही काळ जमैकात गेला, पुढे त्यांनी नाटकाच्या जगात काम केलं आणि शेवटची वर्षं कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या समुद्रकाठच्या गावी काढली. हे सांगते कारण कप्सचा पेज बघताना रंगमंचावर उभा असलेला नट बघतोय असं वाटतं. पुढे सपाट जमीन, मागे लाटांचा पडदा. अंगात फुलाफुलांचा अंगरखा, डोक्यावर निळी टोपी आणि तिचं टोक खांद्यावरून खाली ओघळलेलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात सोन्याचा पेला. त्या पेल्यातून एक मासा डोकं वर काढतो आणि थेट त्या पोराच्या तोंडाकडे बघतो.

पोरगा दचकत नाही. पेला टाकून देत नाही. मासा काय म्हणतोय ते ऐकत उभा राहतो. अख्खा पत्ता या ऐकण्यात आहे असं माझं मत.

वेट यांनी या चित्राबद्दल लिहिलंय की ही मनातली चित्रं आकार घेताहेत. त्यांचे अर्थ असे : सेवेला तत्पर असा तरुण, अभ्यासू मुलगा, बातमी, निरोप, चिंतन, ध्यान. पत्ता उलटा आला तर ओढ, मोह, फसवणूक, कावा. वाचनात मी आधी आजूबाजूचे पत्ते बघते. शेजारी मून हा पत्ता असेल तर स्वप्नांकडे लक्ष द्यायला सांगते. एट ऑफ वाँड्स असेल तर निरोप वाटेवर आहे. सेव्हन ऑफ कप्स असेल तर जरा थांबून, हे खरंच मनातून आलंय की नुसते मनाचे मांडे आहेत, ते तपासायला सांगते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. या पत्त्याचं नातं मला एका जुन्या कथेशी जुळताना दिसतं. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुतोय आणि ओंजळीतल्या पाण्यात इवलासा मासा येतो. मासा त्याला म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू विचारतो, कशापासून? मासा पुराचं सांगतो. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, घडा अपुरा पडल्यावर खड्ड्यात, तिथेही मावेना तेव्हा समुद्रात सोडतो. पुढे त्याच माशाच्या शिंगाला नाव बांधून तो पुरातून पार होतो. वेट किंवा पामेलाबाईंनी ही कथा डोळ्यांपुढे ठेवली होती असं मी अजिबात म्हणत नाही. पण आपण कोकणात बसून हा पत्ता हातात घेतो तेव्हा आपल्या ओंजळीतला मासा आपल्याला आठवणारच. कथेतून मिळणारी गोष्ट साधनेला फार उपयोगी आहे : मासा आला तेव्हा बोटाएवढा होता. मनूने त्याला सांभाळलं म्हणून तो वाढला. पेजने आणलेला निरोप असाच लहान असतो. एखादं अर्धवट स्वप्न, अचानक आलेली कोणाची तरी आठवण, चित्र काढावंसं वाटणं. जपलं तर वाढतं, नाहीतर पाण्याबरोबर हातातून जातं.

उपयोग म्हणाल तर माझ्याकडे सगळ्यात जुना चालत आलेला स्वप्नांचा आहे. झोपण्यापूर्वी उशाजवळ पत्ता उभा करून ठेवायचा, शेजारी तांब्याच्या फुलपात्रात पाणी. प्रश्न एकच, तोही साध्या भाषेत, मोठ्याने विचारायचा. सकाळी डोळे उघडल्यावर कोणाशी बोलायच्या आधी जे काही आठवेल ते वहीत लिहायचं, तुकडे असले तरी. पाणी तुळशीला घालायचं. वही सोडू नका. तीच आपला घडा आहे.

दुसरा, पत्त्यात शिरण्याचा. हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन ही संस्था १८८८ मध्ये इंग्लंडात सुरू झाली. तिथले साधक रंगीत आकृत्यांकडे एकटक बघून, डोळे मिटून, त्या आकृतीतून दारातून जावं तसे आत जायचे. पुढे हीच रीत टॅरोच्या पत्त्यांना लागू झाली. पेजच्या बाबतीत चौकट ओलांडून त्या वाळूवर उभं राहायचं, लाटांचा आवाज येऊ द्यायचा, पेजला नमस्कार करायचा आणि पेल्यात डोकावायची परवानगी मागायची. मासा बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर आभार मानून आल्या वाटेने परत यायचं. परतल्यावर काहीतरी खायचं, पाय जमिनीवर टेकवून बसायचं. घाईघाईत मधूनच उठलं की दिवसभर डोकं जड राहतं.

रुसलेल्या माणसाला पत्र लिहिताना, बऱ्याच दिवसांनी माफी मागताना मी हा पत्ता समोर ठेवते. नवं काही शिकायला घेतानाही. नाइट घोड्यावरून शांतपणे निरोप घेऊन निघतो, राणी आपला झाकलेला पेला न्याहाळत बसते. पेज अजून शिकाऊ आहे, त्याला चुकायची भीती नाही, म्हणून सुरुवातीसाठी तो.

एक गोष्ट ठामपणे सांगते. हा पत्ता कोणाला वश करण्यासाठी वापरू नका. इंटरनेटवर 'प्रेमाचा निरोप पाठवण्यासाठी कप्सचा पेज' अशा नावाखाली जे विधी फिरतात, त्यातले बरेचसे समोरच्याचं मन फिरवण्याचे असतात. वेट यांनी मोह आणि कावा उलट्या पत्त्याखाली लिहिलेत. असा विधी करणारा माणूस स्वतःच्या हाताने पत्ता उलटा करतो.

तुमचे अनुभव, मतभेद, सगळं लिहा.

सुरंगी

ताई, सुंदर लिहिलंय. मी सावंतवाडीची, त्यामुळे मासा म्हटल्यावर मला लगेच गंजिफा, आपल्याकडचा हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, आठवली. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. पहिलाच रंग मत्स्य. प्रत्येक रंगात दरबारी दोनच, राजा आणि प्रधान, बाकी एक्क्यापासून दहापर्यंत. दिवसा खेळ रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या.

गोल पत्ते, पाठीवर लाखेचा थर, आणि मत्स्याच्या रंगात जितका आकडा तितके मासे. दुर्री म्हणजे समोरासमोर दोन मासे, दश्शी म्हणजे दाटीवाटीने दहा. हाताने काढलेले असल्यामुळे एकाचा कल्ला दुसऱ्यासारखा नसतो. राजवाड्यात आजही हे काम चालतं. ही कला जगली ती राजघराण्यामुळे, विशेषतः सत्वशीलादेवींनी ती जीव लावून जपली.

मला विचारायचं होतं, टॅरो आणि गंजिफा यांचं काही नातं आहे का?

खाडीकाठ

सुरंगी, थेट नातं सांगता येत नाही, पण दोघी एकाच मोठ्या कुळातल्या मानता येतील. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात इजिप्तच्या मामलुक राज्यातून पोचले. त्या मामलुक पत्त्यांत पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग होते आणि दरबारी पत्ते तीन : राजा आणि त्याचे दोन नायब. राणी युरोपात आली. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यात चित्रांचे खास पत्ते घातले गेले आणि टॅरो झाला, तोही खेळायलाच. भविष्यासाठीचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फोफावला. १७८१ मध्ये कूर द जेबलॅं यांनी टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचं छापलं, पण त्याला आधार नव्हता. टॅरोची पवित्रता वयावर ठरत नाही असं मी मानते. खेळाचा पत्ता असला तरी त्याच्यापुढे मन एकाग्र होतं, तेवढं मला पुरे.

उधाण

लेख आवडला, अभ्यास दिसतो. तरी एक शंका मांडतो, राग मानू नका. आपल्याकडे 'जादुई उपयोग' म्हटलं की देवस्की, करणी, उतारे यांची आठवण येते. आमच्या गावात यापायी लोकांनी जमिनी गहाण टाकलेल्या मी बघितल्यात. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो उगाच नाही. नव्या पोरांच्या हातात पत्ते देऊन आपण तेच दार वेगळ्या रंगाने रंगवत नाही ना?

खाडीकाठ

राग कसला, उधाण दादा. हा प्रश्न प्रत्येकाने विचारायलाच हवा. मी स्वतःसाठी तीन गोष्टी पाळते. यासाठी कोणाकडून पैसे घेत नाही. कोणाला भीती घालत नाही, 'तुझ्यावर कोणी काही केलंय' हे वाक्य माझ्या तोंडून कधीच येणार नाही. आजारपण, कोर्टकचेरी, पैसे गुंतवणं यावर पत्ता काढत नाही, त्या माणसाला डॉक्टरकडे किंवा वकिलाकडे पाठवते. मी ज्याला जादू म्हणते ती करणाऱ्याच्या स्वतःच्या मनावर चालते. पाण्याचं भांडं आणि पत्ता समोर ठेवून दुसऱ्याच्या घरात काही घडवता येतं, असा दावा कोणी केला आणि त्याचे पैसे मागितले, तर तिथून उठून यावं.

उधाण

एवढं स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. मग माझा विरोध नाही.

तळकोकण

मला यात आपला कौल दिसतो. आमच्या ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव पाण्याने तांदूळ चिकटवतात, कधी कळे लावतात. आधी गाऱ्हाणं घालायचं, सगळा गाव ऐकेल असं, प्रश्न स्पष्ट. मग बसायचं. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही आणि माणसं चुळबुळ करायला लागतात. अशा वेळी आमची आजी दटावायची, "इचारलंस मा? मगे आता आयकाक व्हया."

फरक इतकाच वाटतो की कौलात अख्खा गाव साक्षीला असतो, प्रश्नही बहुतेक वेळा सगळ्यांच्या कामाचा असतो. पत्ता घेऊन माणूस एकटा बसतो, मनाला हवं तेच ऐकू येण्याचा धोका जास्त. ताई, त्यावर काय करता?

खाडीकाठ

फार नेमकं बोट ठेवलंत. एकच प्रश्न त्याच महिन्यात पुन्हा विचारायचा नाही, हा पहिला नियम. दुसरं म्हणजे वहीतली जुनी पानं उलटून बघायची. त्या दिवशी मी काय ऐकलं असं मला वाटलं आणि पुढे काय झालं, दोन्ही समोरासमोर आली की मनाच्या खोड्या कळतात. आणि शक्य असेल तर एखादी विश्वासू मैत्रीण असू द्यावी, जिला वही वाचून दाखवता येईल आणि जी तोंडावर 'हे तुझंच आहे' म्हणेल. तुमच्या आजीचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय.

केतकी_बन

मी टॅरोचा थॉथ नावाचा संच वापरते. अलिस्टर क्रोली यांची कल्पना आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांची चित्रं. त्यात पेजच्या जागी राजकन्या असते आणि कप्सच्या राजकन्येच्या पेल्यातून माशाऐवजी कासव बाहेर येतं. हे गोल्डन डॉनच्या वर्णनातच आहे : पेल्यात कासव, शिरावर पंख पसरलेला हंस. खाडीकाठ ताईंनी मत्स्य आणला, सुरंगीने गंजिफा आणली, तर गंजिफेतला दुसरा रंग कूर्म! एका परंपरेच्या पेल्यात मत्स्य, दुसरीच्या पेल्यात कूर्म. मला हे वाचताना अंगावर काटा आला.

गोल्डन डॉनच्या हिशोबात प्रत्येक दरबारी पत्त्याला दोन तत्त्वं असतात. सगळे कप्स जलतत्त्वाचे, राजकन्या पृथ्वीतत्त्वाच्या. म्हणून ही जलातली पृथ्वी. पुस्तकात वाचून हे डोक्यात शिरत नव्हतं. ते कळलं वेळासला. मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर तिथे संवर्धन सुरू केलं. कासव आयुष्यभर पाण्यात राहतं, पण अंडी घालायला मादीला वाळूतच यावं लागतं. रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि परत जाते. पुढचे साधारण दीड-दोन महिने सगळं काम वाळूची ऊब करते. मग घरट्यावर झाकलेली टोपली बाजूला केली की तळहाताहून लहान पिल्लं वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे निघतात. वाळूत त्यांची बारीक नक्षी उमटत जाते. कोणी त्यांना उचलून पाण्यात सोडत नाही, तेवढं अंतर त्यांनी स्वतःच चालायचं असतं.

तेव्हापासून मी या पत्त्याकडे भावना रुजवण्याचा पत्ता म्हणून बघते. उपयोगही त्यामुळे वेगळा. जे मनात आहे पण आत्ता बोलायची वेळ नाही, ते कागदावर लिहून, पत्त्याखाली ठेवून, वर मूठभर वाळू किंवा तांदूळ ठेवते आणि दीड-दोन महिने त्याकडे बघत नाही. नंतर उघडून वाचते. काही इच्छा तोवर विरून गेलेल्या असतात. ज्या तशाच टवटवीत असतात, त्यांच्यासाठी पुढचं पाऊल टाकते.

खाडीकाठ

केतकी, याच्यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. माशाने निरोप आणायचा आणि कासवाने तो उबवायचा. मी आजपासून दोन्ही जोडून करणार.

बांगडी

मी नवीन आहे. दोन प्रश्न. वेट यांच्या पद्धतीत प्रश्न विचारणाऱ्याचा म्हणून एक पत्ता निवडतात ना? मी तिशीतली आहे, मी कोण? आणि हे कुठल्या दिवशी करावं, पौर्णिमेला का?

खाडीकाठ

स्वागत! वेट यांच्या नियमाने चाळिशीच्या पुढची स्त्री राणी आणि त्याआधीची पेज. म्हणजे पेज मुलगाच असला पाहिजे असं त्यांनीही धरलेलं नव्हतं. रंग निवडायला मात्र ते केस आणि कांती बघायला सांगतात, कप्स म्हणजे फिकट तपकिरी केसांची माणसं. हा भाग मी सरळ सोडून देते, त्या हिशोबाने आपला अख्खा कोकण पेंटॅकल्समध्ये जाईल. स्वभावावरून निवडा. हळव्या, चित्रांत विचार करणाऱ्या असाल तर कप्सचा पेज तुमचाच.

दिवसाबद्दल : गोल्डन डॉनने बाकीच्या दरबारी पत्त्यांना राशिचक्रातले ठरावीक अंश दिलेत, पेजना तसे दिले नाहीत. कप्सच्या पेजकडे तूळ, वृश्चिक आणि धनू असा आकाशाचा पाव भाग येतो. त्यामुळे पंचांगातली अमुक तारीख असं काही नाही. मी आपली भरती बघते. सुरुवात करायची असेल तर पाणी चढत असताना, सोडून द्यायचं असेल तर ओहोटीला. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. थोडं मागेपुढे होतं, पण साधनेला पुरतं. वर्षातून एकदा नारळी पौर्णिमेला मी हा पत्ता देवघरात ठेवते. दर्याला नारळ देऊन होड्या पुन्हा बाहेर काढायचे ते दिवस, नव्या सुरुवातीला त्याहून चांगला मुहूर्त कुठला?

बांगडी

पत्ता समुद्रावर नेला तर चालेल?

खाडीकाठ

नेऊ शकता, पण खाऱ्या हवेने पत्ते लगेच मऊ पडतात आणि एकमेकांना चिकटतात. मी तरी संच घरात सुती रुमालात बांधून ठेवते. पावसाळ्यात डब्यात तांदळाची पुरचुंडीही टाकते. नेलाच तर एकटा पत्ता वहीत घालून न्या, पाण्यात काही सोडू नका, प्लास्टिक तर नाहीच.

सुरंगी

ताई, शेवटचं विचारते. माझ्याकडे टॅरो नाही, घरात आजोबांची गंजिफा आहे. कप्सच्या पेजऐवजी मत्स्याचा पत्ता घेऊन स्वप्नांचा प्रयोग केला तर चालेल का? आणि कुठला घेऊ?

खाडीकाठ

वाचनासाठी नको. गंजिफेचे अर्थ वेगळे, तिचा खेळ वेगळा, त्यावर टॅरोचे अर्थ चिकटवणं तिच्यावर अन्याय होईल. ध्यानाला आणि स्वप्नांना मात्र जरूर घ्या. राजा घेऊ नका, तो स्वतः अवतार आहे, त्याची पूजा करावी. मत्स्याचा एक्का घ्या, ज्याच्यावर एकच मासा आहे. आणि आजोबांचे पत्ते पाण्याच्या भांड्यापासून हातभर लांब ठेवा. खाली खळीचा थर असतो, एकदा पाणी लागलं की रंग फुगून सुटतो.

सुरंगी

एक्का काढून ठेवलाय. आज षष्ठी, म्हणजे भरती साडेचारला. पहाटे उठून वही घेते.